नवव्या लेपावरचा अंगठा

सन्माननीय अध्यक्षा वनिताताई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती श्री. क्लिफर्ड तुस्कानो, त्यांच्या सहधर्मचारिणी फ्लोरिनबाई, आणि मिल्टनपासून नॉर्थ यॉर्कपर्यंतच्या घरांतून शनिवारची कामे बाजूला सारून आलेले आपल्या नेमबाजी मंडळाचे सभासदहो,

आपले चिटणीस दिलीपराव यांनी आताच जे मानपत्र वाचले, त्याविषयी प्रथम बोलतो. वाचन उत्तम झाले, उच्चार स्वच्छ होते. मजकुरात मात्र तीन तारखा आणि एक वाक्य चुकले आहे. तारखांकडे शेवटी वळू. वाक्य असे: 'चाळीस वर्षांच्या कारागिरीत त्यांच्या हातून एकदाच डाग राहिला, तोही ओटावाच्या प्रदर्शनात.' आपण प्रेमाने हसलात. क्लिफर्डही हसले. ते वाक्य खरे नाही. मानपत्राची चौकट त्यांच्या हाती जाण्यापूर्वी ते खोडले जावे, एवढ्यासाठी मी उभा आहे.

नव्या सभासदांना कदाचित ठाऊक नसेल. क्लिफर्ड मूळचे वसईचे. ठाण्याला घड्याळांच्या केसेस पॉलिश करण्यापासून त्यांचा हात घडला. इथे कॅनडात आल्यावर प्लॅस्टिकच्या साच्यांचे पोलाद घासण्याची नोकरी, आणि उरलेल्या वेळात, रीतसर परवाना काढून, घराच्या बेसमेंटमध्ये मागणीनुसार घडवलेल्या पिस्तुलांचे काम. मी अंबरनाथच्या शस्त्रनिर्माणीत एकोणीस वर्षे तपासनीस होतो. दोष काढणे हा माझा व्यवसाय आणि, घरचे म्हणतात, स्वभावही. असे दोघे एकत्र आल्यावर दुसरे काय होणार?

रविवारी चर्चहून ते परतले की मी नॉर्थ यॉर्कहून पोहोचत असे. फ्लोरिनबाईंनी तळलेले वसईकडचे गरम फुगे, चहा, आणि टेबलावर हिरव्या कापडावर दोन-तीन पिस्तुले: एखादे नामांकित अमेरिकन कारागिराचे, एखादे युरोपातले, एक क्लिफर्ड यांचे. आधी रिकामी असल्याची खात्री दोघांनी वेगवेगळी करायची, मग तुलना. वरच्या सरकत्या भागाच्या, म्हणजे स्लाइडच्या, सपाट बाजूवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाडायचे. ती प्रकाशरेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावली, तर पृष्ठभाग खरा. मध्ये कोठे लचकली, तर घासणाऱ्याचा हात कंटाळला होता असे समजावे. मुठीवरची चौकटी रेघांची जाळी इंचात तीस रेघांची. तळव्याला धरेल, पण ओरखडणार नाही. निकेलच्या मुलाम्याला किंचित पिवळसर ऊब असते. हार्ड क्रोम राखाडी, थंड. मला क्रोमचा टणकपणा आवडे. क्लिफर्ड म्हणत, "क्रोम लपवतो हो, भाऊसाहेब. ब्लू काही लपवत नाही."

ब्लू म्हणजे त्यांचा तो सावकाशीचा निळा. पोलादाला द्रावण लावायचे, दमट पेटीत गंज चढू द्यायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, तारेच्या मऊ लोकरीने झाडायचा. हा एक लेप. असे नऊ. शेवटी पिकल्या जांभळाच्या सालीसारखा रंग येतो. हल्ली फवारून भट्टीत भाजलेले लेप पाहतो. टिकाऊ असतात, तक्रार नाही. पण त्यांच्याकडे पाहत चहा थंड झाल्याचे मला आठवत नाही.

या कामात एकच शत्रू: तेल. तेल लागले तेथे गंज धरत नाही.

ओटावाला कारागिरांचे प्रदर्शन होते. तेथे येणाऱ्या एका मोठ्या कारखानदाराने क्लिफर्ड यांना शब्द दिला होता, की हे पिस्तूल मनास आले तर त्यांच्याकडच्या निळ्या कामाचा प्रमुख तुम्ही. साच्यांची पाळीची नोकरी सुटणार होती. निघण्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, मी पाहायला गेलो. नववा लेप लावायचा होता. क्लिफर्ड पाणी आणायला वर गेले. मी स्लाइड फडक्यात धरली, दिव्याकडे नेली. रेषा सरळ होती. मग कड बोथट तर झाली नाही ना, हे पाहायला अंगठा टेकवला. क्षणभरच. त्याआधी मी केसांवरून हात फिरवला होता, आणि माझ्या डोक्याला, आजही आहे तसे, खोबरेल तेल होते.

तपासनीसाने असे करावे? पहिल्याच दिवशी मला शिकवले होते, की उघड्या पोलादाला बोट लावू नये. मी कामगारांना त्यावरून लेखी ताकीद दिलेली आहे.

शनिवारी मीही सोबत होतो. ओटावाला परीक्षकांनी दिवा तिरपा धरला. कडेजवळ फिकट ठिपका. कारखानदाराने विचारले, हे काय? क्लिफर्ड म्हणाले, "काम माझं, डागही माझाच." तो गृहस्थ सौजन्याने पुढे गेला. मग मी भिंग लावले. ठिपक्यात अंगठ्याच्या रेषा होत्या, आणि त्यांना आडवी छेदणारी एक वाट. हा व्रण, पाहा, अंबरनाथच्या लेथवरचा आहे. भिंगात मला माझाच अंगठा दिसला.

परतताना गाडीत मी परीक्षकांच्या कडकपणाबद्दल बोलत राहिलो. दुसरे काय बोलणार? क्लिफर्ड गाडी चालवत होते. समोर पाहतच म्हणाले, "पुढच्या खेपेला टोपी घालून या, भाऊसाहेब." एवढेच. शुक्रवारी सकाळी स्लाइड उकळून काढतानाच त्यांनी तो ठसा पाहिला होता; पुन्हा नऊ लेप द्यायला दिवस उरले नव्हते. बेसमेंटच्या दारामागे पाहुण्यांसाठी टोप्या टांगल्या गेल्या त्या त्यानंतर. दिलीपरावांनी मानपत्रात त्यांना कलावंताची लहर म्हटले.

आणखी एक सांगायला हवे. हे मानपत्र शुद्धलेखनासाठी माझ्याकडेच आले होते. मी बावीस ऱ्हस्वदीर्घ सुधारले, दोन ठिकाणी विभक्ती सुधारली, आणि ते वाक्य वाचून पुढे गेलो. त्यात व्याकरणाचा दोष नव्हता.

पुढच्या महिन्यात क्लिफर्ड आणि फ्लोरिनबाई लेकीकडे, हेझलकडे, राहायला जात आहेत. ती ओटावालाच असते. त्या शहरात त्यांनी हा डाग सोबत नेऊ नये. अध्यक्षांनी चौकट आज राखून ठेवावी. नवा कागद मी स्वहस्ते लिहून देईन.

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असल्यास सभेने ते पोटात घालावे. क्लिफर्ड, तुमच्याकडे मात्र मी वेगळी क्षमा मागतो, आणि ती सर्वांसमक्ष.

आता तारखा, नव्या कागदासाठी.

कॅनडात आगमन: २१ सप्टेंबर १९८४. मानपत्रात १९८६ आहे.

मागणीचे पहिले पिस्तूल: मार्च १९९१. मानपत्रात १९९३ आहे.

स्लाइडला भाऊसाहेबांचा अंगठा लागला: ७ मे १९९८. मानपत्रात नोंद नाही.

ओटावाचे प्रदर्शन: ९ मे १९९८. मानपत्रात १९९९ आहे.

नोकरी सोडून पूर्णवेळ स्वतःचे काम: ३ जानेवारी २००५. ही तारीख मानपत्रात बरोबर आहे. ती सात वर्षे आधीची असायला हवी होती.