संधूसाहेबांचं रक्त

अहिल्या : लाज न्हाई शशीला, नीला. एवढा मेजर माणूस, खांद्यातली गोळी काढून चार म्हयनं झाल्यात, आन् खाली त्या सरदाराच्या गाद्या टेम्पोत चढवतोय. समदा सेक्टर बघतोय.

नीला : बघू दे, आई.

अहिल्या : ज्यानं त्याच्या अंगात रोग घातला, त्याच्या गाद्या.

नीला : संधूसाहेबांनी यांना रक्त दिलं होतं. कर्फ्यू लागलेला असताना, खालच्या मजल्यावरून दवाखान्यापर्यंत चालत जाऊन.

अहिल्या : दिलं, पर कसलं? डॉक्टर काय म्हणाला, व्हायरीमिया. रक्तात विषाणू फिरत्यात, लिवर खात्यात. सरदाराच्या बाटलीतनंच आलं. आमच्या घराण्यात साधी कावीळ कुणाला ठाव न्हाई.

नीला : हेच तुम्ही दूधकेंद्राच्या रांगेत बोललात.

अहिल्या : बोलले. हिंदीत बोलले, समद्यांना कळावं म्हणून.

नीला : कळलं. दिवस कसे आहेत बघताय ना? पंजाबात रोज माणसं पडतायत. तुमच्या मागची बाई म्हणाली, सरदारानं मुद्दाम दिलं, फौजी मरावा म्हणून. ते फिरत फिरत चौकीवर गेलं. मंगळवारी पोलीस त्यांच्या मुलाला, हरप्रीतला घेऊन गेले. तीन दिवस ठेवला. आता त्याला चमचा धरता येत नाही. म्हणून चाललेत ते मोहालीला, भावाकडे.

अहिल्या : मी काय चौकीवर गेले न्हवते.

नीला : नाही गेलात.

अहिल्या : मग असं टोचून बोलू नगंस. ते तांदळाचं ताट ठेव खाली आन् काय असंल ते सरळ सांग.

नीला : यांनी शपथ घातलीय मला.

अहिल्या : नवऱ्याची शपथ सासूपुढं चालत न्हाई. बोल.

नीला : डॉक्टरांनी सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं होतं, आठवतं? तुमचं, माझं, नयनावन्संचं, संधूसाहेबांचंही. तीन आठवडे झाले रिपोर्ट येऊन. संधूसाहेबांच्या रक्तात काहीही नाही.

अहिल्या : मग आला कुठनं?

नीला : तुमच्या रक्तात आहे, आई. वन्संच्याही. काही माणसांच्या रक्तात तो वर्षानुवर्षं असतो, त्यांना त्रास होत नाही. बाळंतपणात आईकडून मुलाला जातो. डॉक्टर म्हणाले, यांना जन्मापासूनच असणार.

अहिल्या : पाणी दे.

नीला : घ्या. यात तुमचा काय दोष? तुम्हाला कसं कळणार?

अहिल्या : दोषाचं ऱ्हाऊ दे. त्याला तीन आठवडं ठाव हाय?

नीला : हो.

अहिल्या : आन् दूधकेंद्रावर मी कधी बोलले?

नीला : त्यानंतर. मागच्या रविवारी.

(शशिकांत जिना चढून आत येतो.)

शशिकांत : नीला, सुतळी दे गं. त्यांच्या कपाटाचं दार उघडतंय. काय झालं?

अहिल्या : माझा रिपोर्ट तू वाचलास?

शशिकांत : नीला, मी तुला सांगितलं होतं...

अहिल्या : तिच्याकडं बघू नगंस. मी इचारतीया.

शशिकांत : वाचला. तुला सांगितलं असतं तर खचली असतीस तू.

अहिल्या : तुझा बाप गेला तवा तिसऱ्या दिवशी मी उसात व्हते. दुसरं कारण सांग.

शशिकांत : नयना. विश्वनाथच्या घरी कळलं असतं की हे आपल्या रक्तातलं आहे, तर लग्न मोडलं असतं. म्हटलं, लग्न होईपर्यंत लोकांना वाटू दे...

अहिल्या : सरदाराचं हाय म्हणून. नवरा-बायकूत लागतो का ह्यो?

नीला : लागतो. मला लस घ्यायला लावलीय यांनी.

अहिल्या : बायकूला लस. आन् बहिणीच्या नवऱ्याला?

शशिकांत : सांगणार होतो नंतर. आई, पोलीस येतील असं कुणाला वाटलं होतं?

अहिल्या : त्या संधूला ठाव हाय?

शशिकांत : आज सकाळी सांगितलं.

अहिल्या : काय म्हणाला?

शशिकांत : म्हणाले, 'चंगा जी. ज़रा गद्दे को उधर से पकड़ो.'

अहिल्या : नीला, माझ्या चपला काढ. दूधकेंद्रावरच्या त्या बायका गेटापाशीच उभ्या हायत. त्यांच्या म्होरं सांगते त्याला, रोग माझा हाय. आन् सांजच्याला विश्वनाथच्या बापाला पत्र लिही. मी सांगते तसं लिही, गोड करू नगंस.

शशिकांत : आई, लग्न मोडेल.

अहिल्या : मोडंल. नयनाचं रडणं मी बघीन.

शशिकांत : थांब, मी येतो बरोबर.

अहिल्या : तू हितंच बस. त्या पोराचं हात माझ्या जिभंनं मोडलं, ते मी मरस्तवर फिटायचं न्हाई. पर तुला ठाव असून तू मला बोलू दिलंस. गोळी खाल्लीस म्हणून नीलाकडनं समद्या गावाला पत्रं धाडली म्या, पोरगा शूर निघाला म्हणून. भित्रा हायस तू, शशी.