मैनाबाई रोडनं काहून चालली

— आळस लिहू नको. खोड ते. बायको चालत नाई म्हणजे आळशीच, हे कोणी ठरवलं? आळस, वेळ नाही, आवड नाही — एवढेच तीन खाने आहेत का तुह्या आरोग्याच्या सर्व्हेत? मंग चवथा तूच पाड बेटा, अन् पाडायच्या आधी ऐक. बस त्या खुर्चीवर. मी तीस वर्षं हिंगण्याच्या कंपनीत उभ्यानं ड्युटी केली. अन् माही बायको मैना — माहेर तिचं उमरेडचं, घरी हातमाग, तिचे पाय लहानपणापासून मागावर घडले. आम्हाले चालणं शिकवाले येऊ नका कोणी.

डॉक्टरनं तिले शुगर सांगितली. म्हणे रोज पाऊण तास चाला, गोळीपेक्षा चालणं मोठं. बरं. पण चालावं कुठं, ते डॉक्टर सांगत नाई. तू आता चौकातूनच आली नं? फुटपाथ दिसला का तुले? आहे तो. त्याच्यावर विजेची डीपी आहे, पाणीपुरीचा ठेला आहे, दोन कार आहेत, उरल्या जागेत कुत्रे झोपून राहतात. खाली उतरावं तर हा सिमेंट रोड — आमच्या अंगणापेक्षा हातभर उंच करून ठेवला, अन् गाड्या अशा सुटतात त्याच्यावरून का माणसानं भिंतीले चिपकून उभं राहावं. कॉलनीचं नाव नंदनवन म्हणावं, अन् म्हातारीले पाय टाकाले जागा नाई.

— हो, मैदान आहे नं. ते काय तिकडे, जाळीच्या मागे. कडुलिंबाची झाडं, भवताल सिमेंटच्या गट्टूचा ट्रॅक. मैना तिथंच फिरे, सकाळी सहाले, तुळसाबाईसोबत. तुळसाबाई म्हणजे मागच्या वस्तीतली — सरकारी दवाखान्यात आया होती, आता रिटायर. दोघी अशा बोलत, अशा बोलत, का मी म्हणो, तुम्ही चालता का तोंडाचा व्यायाम करता? पण चार महिन्यांत शुगर उतरली. डॉक्टर स्वतः खुश झाला.

मंग फाटकाले कुलूप लागलं. — कोणी म्हणजे? सोसायटीनं. वस्तीतले पोट्टे क्रिकेट खेळत, एक-दोन घरच्या काचा फुटल्या, बाया जेवणाचा डबा घेऊन झाडाखाली बसत, कागदं-पन्न्या पडून राहत. मीटिंग झाली. ठरलं का चावी फक्त प्लॉटवाल्यायले. ठराव झाला, सेक्रेटरीची सही झाली. — कोण सेक्रेटरी? हे तुह्या कागदावर आहे का? नाई नं? मंग काहून विचारतं? — माही. माही सही आहे. सगळे हात वर करून मोकळे झाले, कागद माह्यासमोर सरकवला, मी काय करतो? — नाई. खोटं बोललो तुह्याशी. ठराव मीच घरून लिहून नेला होता.

त्या संध्याकाळी चावी आणून मैनेच्या हातात ठेवली. म्हटलं, आता आरामात फीर, गर्दी नाई, कलकल नाई. तिनं विचारलं, तुळसा कशी येईन? मी म्हटलं, तुले एकटीनं चालता येत नाई का? तिनं चावी खुंटीले अडकवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तं काय — तुळसाबाईसोबत रोडनं चाललेली. ह्याच रोडनं. मी तोंड सोडलं. आपलं मैदान सोडून रोडवर काहून मरते म्हटलं. तं म्हणे, 'जिथं तुळसेले मनाई आहे, तिथं माहे पाय उचलत नाई.' एवढंच. अडतीस वर्षांच्या संसारात मले असं कधी बोलली नव्हती ते. मलेही जिद्द चढली. चाल म्हटलं, चाल रोडनं.

तीन हप्ते चालल्या. मंग एका सकाळी मागून भरधाव गाडी आली, मैना बाजूले सरकली, अन् रोडच्या काठाले चेंबर — झाकण अर्धंच. पाय आत गेला. खुब्याचं हाड. गाडीवाला थांबला नाई, लोकं जमा झाले, कोणी म्हणे उचला, कोणी म्हणे बसवा. तुळसाबाईनं कोणाले हात लावू दिला नाई, पाय जसाच्या तसा धरून रोडवर बसून राहिली, अॅम्बुलन्स येईपर्यंत. डॉक्टर म्हणाला, त्या बाईमुळे बरंच निभावलं. — मी? मी कुठं होतो म्हणजे? मले फोन आला नं. — मैदानात होतो. माह्याजवळ चावी होती, मी रोज जाओ. एकटाच. सात चक्कर झाले होते माहे.

मंग मीटिंग बोलावली. म्हटलं कुलूप काढा. तं सोसायटीतले पांढरे कपडेवाले मले म्हणतात, नत्थूजी, तुमचाच ठराव आहे — अन् माह्याच अक्षरातलं मलेच वाचून दाखवलं. घरी आलो, हातोडी घेतली, भर दुपारी कुलूप फोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यापेक्षा मोठं लागलं. सेक्रेटरी बदलला. तेव्हापासून मी ते फाटक पाहत नाई. रोडवाल्याले शिव्या देतो, ठेलेवाल्याले देतो, डॉक्टरले देतो, आज तुले देऊन राहिलो.

— नाई, आता वॉकर आहे तिच्याजवळ. डॉक्टरनं चालाले सांगितलं. पण मी घरात असलो का ती पलंगावरून उठत नाई. भिंतीकडं तोंड करून पडून राहते. संध्याकाळी तुळसाबाई येते, तेव्हा मी चौकात जाऊन बसतो, अन् मंग म्हणे दोघी चालतात — ह्या खोलीतून त्या खोलीत, बोलत-बोलत. शेजारची अंजू सांगते. मी पाह्यलं नाई अजून.

— तिले? नाई, तिले काही विचारू नको. माहं नाव तं घेऊच नको. कागद गुंडाळ तुहे. तुळसाबाई आली — ते पाह्य, आपल्या अंगणाच्या फाटकापाशी उभी आहे, मी असेपर्यंत आत यायची नाई.

ऊठ बेटा. दोघंही निघू.