चटणीच्या पिशव्या

१९९४. पनवेलचा जनावरांचा दवाखाना. माझ्या मांडीवर मांजर. बाकावर शेजारी एक बाई. तिची म्हैस मागच्या आवारात, डॉक्टर तिच्यापाशी. तेवढ्यात एक हॉटेलवाले शेठ आत आले.

"चंद्रावतीबाई, चार दिवस खरकटं न्यायला आला नाहीत. मागच्या दारी उभं राहवत नाही."

"म्हस चार दिस तोंड लावत नाय, शेठ. काल डाक्टरनी पोट फाडून पिशव्या काढल्या. चटणीच्या."

"आमच्या?"

"तुमच्याच. गाठी पन सुटल्या नव्हत्या."

"अरे देवा. पार्सलला बांधलेल्या उरतात, त्या आमची माणसं तशाच बादलीत टाकतात."

"पयले पानात बांधायचात. तवा पानासकट खायाची."

"पुन्हा पानात बांधू. शिवाय प्लॅस्टिकची बादली वेगळी ठेवतो, वर मोठी चिठ्ठी लावतो."

"चिठ्ठी कोन वाचनार? म्हस?"

"तसं नाही हो. तिचंच दूध माझ्या चहात जातं, मला काळजी नाही का?"

"जगली तर जाईल."

मग मागून डॉक्टरांची हाक आली.

"चंद्रावतीबाई, उठली बघा! पाणी प्यायली."

बाई धावली. दारातून परत वळली.

"परवा येते बादलीला. पन भरली का पयले तुमी हात घालायचा. पार तळापतुर."

"मी? खरकट्यात?"

"माझी म्हस तोंड घालते, शेठ."