स्पीकरचं झबलं

रिमोट आला म्हणजे सुख आलं, असं मलाबी वाटायचं. परळीत आमी सीडी प्लेअर अन् स्पीकरच्या मधी जोडायचा डिजिटल डबा आणलता. रिमोटनं आवाज वाढवायचा, ट्रेबलबी वाढवायचा. पण गाणं रजईतून आल्यासारखं! मी ट्रेबल टोकाला नेला, आवाज शेवटपर्यंत. तरी तेच.

वडील म्हणाले, "फसवलं तुला लेका. उद्या परत कर."

आई आतून म्हणाली, "कावून परत करायचा? थर्मलच्या चिमणीची राख बसती म्हणून दुपारी स्पीकरला झबली शिवलीत मी."

काळं कापड! आमाला जाळीच वाटली. मी झबलं ओढलं, अन् वडील खुर्चीतून उडाले.

दुसऱ्या दिवशी रिमोटच चालेना. सेल बदलले, तरी न्हाई.

आई खुशीत म्हणाली, "आता डब्यालाबी राख लागायची न्हाई."