घडाघडा

सरकारी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारा न्हावी बायकोला ऐकवत होता.

"कसला मेला सरकारी कारभार! बाई नुसतं म्हणते, 'आ' म्हणा, 'ई' म्हणा."

"अहो, अर्धांगाच्या झटक्यात वाचाच गेली होती तुमची. त्याच बाईंनी बोलतं केलं."

"त्यात काय मोठंसं? गिऱ्हाइकांशी गप्पा मारून आपोआप बोललो असतो."

"मग आज त्यांच्यापुढेही असंच घडाघडा बोला. नीट बोललात तर यापुढे यायला नको म्हणाल्यात."

"यायला नको? म्हणजे हाकलणार मला?"

"बरे झालात म्हणून सोडणार हो!"

तेवढ्यात दार उघडून बाईंनी विचारलं, "काय आजोबा, कसं काय आज?"

"ब... ब... ब..."

"अजून कच्चेच आहेत, बाई," बायको म्हणाली. "पुढच्या आठवड्यात आणते."