नितीनने डिझेल का घेतली

गावातल्या गावात फिरणाऱ्या माणसाने डिझेल गाडी का घेतली, असं आमच्या नितीनबद्दल सगळे विचारतात. मी सोबत होतो, म्हणून सांगतो.

नितीनला जन्मापासून ऐकू येत नाही, पण गाडी झकास चालवतो. छोटी स्पोर्टी हॅचबॅक घ्यायची म्हणून आम्ही भोसरीच्या शोरूमला गेलो. सेल्समन मला म्हणाला, "सर, त्यांना पेट्रोलच घ्यायला सांगा. डिझेलचा आवाज फार येतो."

मी म्हणालो, "भाऊ, त्याला आवाजाचं काय? दोन्ही चालवून बघू दे."

आधी पेट्रोल काढली. नितीन सारखा मीटरकडे बघून गिअर टाकत होता, मध्येच गाडी बंदही पडली. मग डिझेल घेऊन चाकण रोडला लागलो, तर हा मीटरकडे न बघता कंटेनरच्या बाजूने असा अलगद निघाला, की मागे बसलेला सेल्समन सीटच्या मधून डोकं काढून बघायला लागला.

परत आल्यावर मी खुणेने विचारलं, "हे कसं काय?"

त्याने इंजिन चालूच ठेवलं, माझा हात धरून गिअरवर ठेवला आणि हळूहळू रेस दिली. तळव्याला बारीक थरथर लागली, आणि रेस वाढली तशी ती बदलत गेली. मग त्याने मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "ती गप्प बसते राव. ही माझ्याशी बोलते."

मी मोबाइल सेल्समनला दिला. त्याने वाचलं, पुढे वाकला आणि स्वतःचाही हात गिअरवर ठेवला.