पाटीवरची चार अक्षरं

आई : ...आणि माझ्या नावाच्या आधी चार अक्षरं होती. एल, ए, टी, ई. लेट ना? तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, तूच सांग.

मुलगी : कुठल्या पाटीवर, आई?

आई : दादाच्या नव्या दवाखान्याच्या. बोलावलं नव्हतं त्यानं, पण लेकाचा दवाखाना, मला राहवेना. दारावर भली मोठी पाटी आणि तिच्यावर माझं नाव. इंग्रजी अक्षरं ओळखते मी, पण सरळ वाचता येतं ते तेवढंच. पगाराच्या सहीसाठी त्यानंच लहानपणी गिरवून घेतलं होतं. डोळे भरून आले गं.

मुलगी : नीट पाहिलंस? दुसरा काही शब्द असेल.

आई : पुन्हा पुन्हा वाचला. लेट म्हणजे उशीर, एवढं कळतं मला. पण हॉस्पिटलात आया म्हणून उभा जन्म गेला, ड्यूटीला कधी उशीर केला नाही. मग हे बिरुद कशाला?

मुलगी : मुळात, जुन्या इंग्रजीत, त्याचा अर्थ मंद, सुस्त असा होता. सुस्त माणूस मागे राहतो, म्हणून पुढे तो उशिराचा झाला.

आई : म्हणजे मला सुस्त म्हणतोय?

मुलगी : नाही गं. शब्द सरकत जातात. उशिराचा, मग अलीकडचा, मग... अलीकडेपर्यंत होता तो.

आई : होता म्हणजे? तुझा चेहरा का असा उतरलाय?

मुलगी : आपण नावाआधी 'कै.' लावतो ना, आई. तसं.



आई : मी तर ही इथं बसलेय.

मुलगी : पाटी रंगवणाऱ्यानं घोळ घातला असेल. थांब, दादाला फोन लावते.

आई : नको लावूस. घोळ नाही तो.

मुलगी : तो होता तिथं? तुला भेटला?

आई : भेटला की. मला पाहून पांढराफटक पडला. मग हात धरून आत नेलं, पंख्याखाली बसवलं, स्वतः सरबत आणून दिलं. त्याच्या सासरची सगळी मंडळी होती. लग्न परस्पर उरकलं त्यानं, तेव्हा कुठं पाहिलं होतं मी त्यांना.

मुलगी : मग ओळख करून दिली ना?

आई : दिली. 'ह्या आमच्या काकू,' म्हणाला. मला वाटलं, गडबडीत जीभ घसरली. मी आपला हसून नमस्कार केला.